मोठ्या माणसांचं हॉस्पिटल कोणतं?

आजार मला एकच झाला, पण त्याचे किस्से इतके साठलेत की शाळेत कुणी नवीन शिक्षक बदलून आला की गणिताचे घुले सर त्याला आधीच सावध करतात, "सरांना तब्येत विचारायची असली तर डबा खाऊन घ्या. मग उठता येत न्हाई!"

खरं आहे. मला कुणी विचारलंच नाही तर मीच विषय काढतो.

धारूर तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. वय त्रेपन्न. मध्यंतरी पाठ दुखायला लागली, तर मी सहा महिने नुसता बाम चोळला. विज्ञानाचा शिक्षक ना! शेवटी बीडच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि हाडांच्या आतल्या मगजाचा कॅन्सर निघाला. औषधांनी तो आटोक्यात आला. मग डॉक्टर म्हणाले, "आता स्टेम सेल ट्रान्सप्लांट करून घ्या. हॉस्पिटल मात्र नीट बघून निवडा."

परतीच्या एसटीत बायकोनं, मंगलनं, विचारलं, "म्हंजी नेमकं काय करत्यात?"

"मूलपेशी. दहावीच्या पुस्तकात हाय ते."

"मग सांगा की."

आता काय सांगणार? दरवर्षी त्या पानावर आलं की मी पोरांना म्हणायचो, "हे परीक्षेला येत नाही. घरी वाचा!"

मंगल खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आता आलं न्हवं परीक्षेला?"

*

हॉस्पिटल कसं निवडायचं? मी सवयीप्रमाणे तक्ता केला. चार हॉस्पिटलं, आठ रिकामे रकाने, प्रत्येकाला दहापैकी गुण. स्टाफरूममध्ये तो टेबलावर पसरला आणि सगळा स्टाफ तुटून पडला.

हेडसर म्हणाले, "पार्किंगचा रकाना घ्या." माझ्याकडे सायकल आहे. घेतला!

घुले सर म्हणाले, "कँटीन. भाकरी मिळती का ते बघा." तोही घेतला. मग लिफ्ट, एसटी स्टँडपासूनचं अंतर, खोलीला खिडकी. एक हॉस्पिटल ऐंशीपैकी एकाहत्तर गुणांनी पहिलं आलं. मी ऐटीत तक्ता घरी नेला.

मंगलनं तो दोनदा वाचला.

"ह्यात डॉक्टरचा रकाना कुठंय?"

*

तक्ता फाडला. तेवढ्यात पीटीचे काळे सर धावून आले. त्यांच्या साडूच्या शेजाऱ्याकडे पुण्यात असंच ट्रान्सप्लांट झालं होतं. "लई भारी हॉस्पिटल, सर! डोळे झाकून जा. पेशंट पळत घरी आला, पळत!"

पन्नास पावलं चाललो की मला धाप लागायची. पळत म्हटल्यावर आणखी काय पाहिजे? फोन न करता, काही न विचारता, आम्ही दोघं थेट पुण्याला.

तिसऱ्या मजल्यावर भिंतीवर हत्ती रंगवलेले. जिराफ. मला वाटलं, पेशंटचं मन प्रसन्न राहावं म्हणून असेल. खुर्च्या मात्र फार बुटक्या. गुडघे हनुवटीला लावून मी अर्धा तास बसलो.

शेजारी टोपी घातलेली सहा-सात वर्षांची मुलगी होती. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "रडायचं नाही हं. सुई एकदाच टोचते."

तेवढ्यात काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "पेशंटला आणलंय का?"

"मीच पेशंट."

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "काका, हे लहान मुलांचं युनिट आहे. मोठ्यांचं आम्ही करत नाही."

खाली येऊन काळे सरांना फोन लावला. "सर, तुमचा तो पेशंट किती वर्षांचा होता?"

"पाच. कावून?"

*

माझे थोरले भाऊ अण्णा गावी शेती करतात. बैलाला भीत नाहीत, सापाला भीत नाहीत. सुईला भितात! गावात लस द्यायला नर्स आली होती तेव्हा अण्णा दिवसभर उसात जाऊन बसले होते.

माझं कळल्यावर ते स्वतःहून घरी आले. "भावाच्या पेशी लागत्यात म्हणं. माझ्या घे." डॉक्टरसमोर रक्त साफ दिसावं म्हणून त्यांनी तीस वर्षांची तंबाखू सोडली. दिवसभर चिडचिड व्हायची, पण सोडली. दुसऱ्या हॉस्पिटलात जाताना ते धुतलेला सदरा घालून आमच्याबरोबर आले आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये डोळे मिटून, बाही वर करून बसले.

डॉक्टर म्हणाले, "तुमच्या भावाच्या आजारात त्यांच्याच पेशी काढून साठवतो आणि त्यांनाच परत देतो. तुमची गरज नाही."

अण्णांनी एक डोळा उघडला. "आजिबात न्हाई?"

"नाही."

बाही खाली आली. रंग परत आला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मंग बे, तंबाखू सोडायच्या आधी नीट वाचता येत नव्हतं का तुला? मास्तर हायेस!"

बाहेर आल्यावर मात्र ते बराच वेळ जिन्यात तोंड फिरवून उभे होते. आम्हा भावांना माया बोलून दाखवता येत नाही.

*

त्याच भेटीत मी डॉक्टरांना बावीस प्रश्न विचारले. मोठ्या माणसांचे वर्षाला किती करता? जंतुसंसर्ग झाला तर काय? रक्तपेढी इथंच आहे का? डॉक्टरांनी न कंटाळता उत्तरं दिली, जिथं माहीत नव्हतं तिथं "बघून सांगतो" म्हणाले. मी सगळं वहीत उतरवलं.

मंगल मधूनच उठून गेली होती. तासाभरानं सापडली. ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर गेवराईच्या एका बाईंशी बोलत बसली होती. त्यांचे मालक आत होते, चौदावा दिवस.

"हेच हॉस्पिटल," मंगल म्हणाली.

"अगं, माझे अजून दोन प्रश्न राहिलेत!"

"तुमी प्रश्न विचारा. मी तासभर बघितलं. आत जाणारी एक बी सिस्टर हात धुतल्याबिगर गेली न्हाई. झाडणारी मावशीसुद्धा. आन् त्या बाईला इथं समदी नावानं हाक मारत्यात."

वही मिटली. ठरलं.

*

ट्रान्सप्लांटच्या दिवशी मी फार गंभीर होतो. काचेच्या खोलीत एकटा. आदल्या दिवशी मंगलला चार पानी पत्र लिहिलं होतं. त्यात गॅसचा नंबर, शाळेच्या कपाटाची किल्ली आणि "माझं काही चुकलं असेल तर" वगैरे.

सिस्टरनं एक छोटी पिशवी सलाईनसारखी टांगली. खोलीभर लसणाचा वास सुटला. पेशी टिकवायच्या औषधाचा वास असतो म्हणे. मी डोळे मिटले. आईला आठवलं. बऱ्याच वेळानं विचारलं, "सिस्टर, भूल कधी देणार?"

"कशाला, काका? संपलं की!"

पत्र मंगलला मिळालं होतंच. तिनं काचेपलीकडून फोनवर एवढंच विचारलं, "चुकलं असंल तर? असंल?"

*

शेवटचा किस्सा मी पाहिलेला नाही. तेव्हा मी काचेच्या आत होतो. हेडसरांनी सांगितला, तसा सांगतो.

आधीच्या औषधानं माझ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. नवीन पेशी रुजल्या की आकडा वर चढतो, नाही रुजल्या तर अवघड. रोज सकाळी रिपोर्ट यायचा, मंगल हेडसरांना फोन करायची आणि हेडसर तो आकडा ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लिहायचे. आठवडाभर शून्य पूर्णांक एक. पोरं प्रार्थनेला जाताना आधी फळ्याकडे बघायची. घुले सरांनी त्या आठवड्यात कुणालाच रागावलं नाही, हीच मोठी बातमी!

मग शून्य पूर्णांक दोन. मग शून्य पूर्णांक पाच. आणि एका सकाळी एक पूर्णांक चार. पेशी रुजल्या!

हेडसरांनी स्वतः घंटा वाजवली आणि शाळा सोडून दिली. पोरं ओरडत फाटकाबाहेर पळाली, आणि त्याच फाटकातून शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आत आले.

साहेबांनी मोकळं मैदान पाहिलं. मग फळा पाहिला. ०.१, ०.१, ०.१... ०.२, ०.५, १.४.

"हे काय? पावसाची नोंद?"

हेडसरांना घाम फुटला. "न्हाई साहेब. आमच्या विज्ञानाच्या सरांच्या पांढऱ्या पेशी हायत."

साहेबांनी आकडे पहिल्यापासून पुन्हा वाचले. मग ऑफिसात गेले, शेरेबुक मागितलं, खिशातलं पेन काढलं आणि लिहिलं,

"शाळेस भेट दिली. वाढ समाधानकारक."