माळाचं मैदान की समुद्राचं

चष्म्याच्या दुकानदाराला सगळे भिंग म्हणायचे. पाच जणांचं त्याचं गोल्फचं टोळकं वर्षातून एकदा चार दिवसांच्या सहलीला निघे. जागा कुठली, मैदानं कोणती, हे शोधायचं काम अकरा वर्षं भिंगाच्या गळ्यात होतं. तो कुरकुरायचा खूप, पण दुसऱ्या कुणी ते काम मागितलं असतं तर आठवडाभर धड जेवला नसता.

त्याची पद्धत त्याचीच. बुकिंगवाल्यांशी तो बोलायचाच नाही. फोन करून गवत कापणाऱ्या माणसाला बोलवायला लावायचा. बाकीचे फोटो दाखवतात, खरं मैदान त्यालाच ठाऊक असतं, असं त्याचं म्हणणं.

यंदा मात्र गवत कापणारेही चक्रावले. सकाळी ऊन पाठीवर येतं की डोळ्यांत? कडेचं गवत घोट्याएवढं की गुडघ्याएवढं? चेंडू पडला की दिसतो का, अगदी उभ्याउभ्या? एकाने शेवटी विचारलंच, साहेब, खेळायला येताय की गाई चारायला?

याला कारण दादा. दादा म्हणजे भिंगाच्या बायकोचे थोरले भाऊ आणि टोळक्यातले सगळ्यांत वडील. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी भिंगाच्या हातात गोल्फची काठी दिली होती. जावईबापू, संसार कळायला वेळ लागतो, तोवर हे शिका, म्हणाले होते. भिंगाला पुढे दोन्ही थोडंथोडं जमलं.

तीन आठवड्यांपूर्वी दादा नवा चष्मा करायला आले आणि भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळसुद्धा धडाधड वाचून मोकळे झाले. अडुसष्टाव्या वर्षी कुणी असं वाचत नाही. भिंगाने तक्ता बदलला. दादांना त्यावरची तिसरी ओळही लागेना. वीस वर्षं त्याच खुर्चीत बसून त्यांना पहिला तक्ता पाठ झाला होता.

त्यांना कडेचं नीट दिसत होतं, मधलं पुसट. जगाच्या बरोबर मध्यावर कुणी ओलं बोट फिरवावं तसं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते परत येणार नाही. दादांनी भिंगाला बजावलं, यातलं अक्षर बाहेर काढायचं नाही. मंडळींना कळलं आणि कीव करायला लागली, तर काठ्या त्याच दिवशी देऊन टाकीन. दादा बोललेलं करतात, हे भिंगाला माहीत होतं.

त्यात टोळक्याचा एक नियम होता. ज्याचा चेंडू त्यानेच शोधायचा, दुसऱ्याने बोटसुद्धा दाखवायचं नाही. एकदा टोळक्यातले बेकरीवाला आणि प्लंबर एकमेकांचे चेंडू शोधायला झुडपात शिरले आणि दोघांचेही चेंडू मोकळ्या गवतावर सापडले. तेव्हा दादांनीच तो नियम केला होता.

मंगळवारी संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत बैठक बसली. बेकरीवाल्याने आणि प्लंबरने समुद्रकाठच्या मैदानाचा धोशा लावला. तिथे वारा, लाटा, उंच कडे. भिंगाने आपलं माळावरचं मैदान पुढे केलं. सपाट, आखूड गवताचं, एका झाडाचीही अडचण नसलेलं. बेकरीवाला म्हणाला, त्यापेक्षा माझ्या गच्चीवर खेळू, वर पाव फुकट.

भिंगाने गुडघा पुढे केला. चढउतार झेपत नाही म्हणाला.

गुरांच्या डॉक्टरीणबाई टोळक्यात पाचव्या. त्यांनी विचारलं, "कुठला गुडघा?"

"उजवा."

"आत येताना डावा पाय ओढत होतास. गुरं बरी रे, लंगडताना एकच पाय धरून राहतात."

तरी त्यांनी दया येऊन माळाला मत दिलं. दोन विरुद्ध दोन. सगळे दादांकडे वळले.

"माळावर म्हातारे जातात," दादा म्हणाले. "समुद्र."

 भिंगाला पुढचं दिसलंच. गुडघाभर गवत, काठीने ते बाजूला सारत फिरणारे दादा, आणि लांब उभे राहून शहाण्यासारखे आभाळाकडे बघणारे बाकीचे चौघे. दुसऱ्या दिवशी दादांची बॅग भरलेली. मैदान तर हातचं गेलं होतं. उरला होता नियम.

"गुडघ्याचं खोटं होतं," भिंग म्हणाला. "मला चेंडू दिसत नाही."

त्याच्या पाठीमागे तक्ता होता, दाराबाहेर दुकानात चष्म्यांच्या दोनशे फ्रेमा.

"गेल्या महिन्यात माझा नंबर तू काढलास," प्लंबर म्हणाला.

"तो बरोबर आहे. मशीनने काढला."

बेकरीवाल्याने डोळ्यांवरचा चष्मा उतरवला, हातभर लांब धरून पाहिला, पुन्हा चढवला. उद्या पावाच्या रांगेतून ही बातमी बाजारभर होणार, हे भिंगाला कळत होतं. माझा चेंडू कुणीतरी बघणार असेल तर येतो, नाहीतर तुम्ही जा, असं तो म्हणाला. नियम दादांचा आहे, असं बेकरीवाल्याने हळूच सुचवलं.

दादांनी मान किंचित तिरपी करून भिंगाकडे पाहिलं. अलीकडे ते असेच बघत. 

"नियम मी केला, मीच मोडतो," ते म्हणाले. "यंदा जोडीने शोधायचं. याचा चेंडू मी बघेन."

"आणि तुमचा?" प्लंबरने विचारलं.

"हाच बघेल. तेवढं तरी कामाला येईल कार्टं."

सगळे हसले. बेकरीवाल्याने प्लंबरशी जोडी लावायला ताबडतोब हात वर केला. डॉक्टरीणबाईंनी तो हात खाली ओढला आणि त्या दोघांवर आपण नजर ठेवू म्हणून जाहीर केलं.

मंडळी गेल्यावर दादा मागे रेंगाळले. भिंग दुकानातले दिवे घालवत होता.

"गिऱ्हाईक तुटेल तुझं," दादा म्हणाले.

"थोडं तुटेल."

"मूर्ख आहेस."

भिंगाने मान डोलावली. दादांनी शटर ओढायला हात वर केला. कडी वीतभर चुकली. भिंग तेवढा वेळ रस्त्यावरची एक सायकल बघत राहिला. दुसऱ्या खेपेला कडी हाती लागली आणि शटर खडखडत खाली आलं.

"पिवळे चेंडू मागव," दादा हात झटकत म्हणाले. "पांढरे तुला दिसायचे नाहीत."