पावती मिळते ना, मॅडम?

मार्च जवळ आला की माझ्याकडे असले किस्से साचायला लागतात. मैत्रिणी पोट धरून हसतात. मला मात्र संताप येतो, कारण पावतीपुस्तक माझ्या हातात असतं!

नागपुरात अंध मुलींचं एक छोटं वसतिगृह आहे. कुही, उमरेड, कामठीकडच्या मुली तिथे राहतात. बँकेतून रिटायर झाल्यापासून तिथल्या देणग्यांचं काम मी बघते. यंदा ब्रेलचे ठिपके उठवणारा प्रिंटर बंद पडला, तोही दहावीच्या तोंडावर. भूगोलाचे नकाशे चार मुलींनी बोटांनी वाचायचे, आणि नकाशेच नाहीत! मग निघाले मी नव्या प्रिंटरसाठी दारोदार, "देणगीवर टॅक्समध्ये सूट मिळते हो," असं सांगत. नुसतं "मुलींसाठी द्या" म्हटलं तर कुणी मान वर करत नाही.

*

पहिला भेटला एक कापड व्यापारी. त्याला समजावलं, देणगीची अर्धी रक्कम उत्पन्नातून वजा होते, तेवढ्यावर टॅक्स लागत नाही.

"म्हणजे अर्धे पैसे मले वापस भेटते?"

"तसं नाही हो."

"मग सरकारची वाट काहून पाहायची? अर्धे तुम्हीच आत्ता वापस करा, अन् पावती पुरी लिहा!"

मी चहा तसाच ठेवून उठले.

*

एका डॉक्टरांच्या दिवंगत आईची दृष्टी शेवटच्या दिवसांत गेली होती. आईच्या नावाने देणगी द्यायची म्हणून बोलावलं. तिच्या फोटोकडे बघत डोळे पुसले, चेकबुक काढलं, पेन उघडलं. तेवढ्यात सीएला फोन केला. तो म्हणाला, तुम्ही नव्या टॅक्स पद्धतीत आहात, त्यात ही सूट नाही.

पेनाला टोपण लागलं.

"मॅडम, आईले तसाही गाजावाजा आवडत नव्हता."

*

मग एका सोसायटीच्या बायका टेम्पो घेऊन आल्या. आत होतं ड्रेसिंग टेबल, पुरुषभर उंचीच्या आरशाचं. अंध मुलींना!

"याची पावती द्या वं, ताई."

"सूट पैशांवर मिळते, वस्तूंवर नाही."

"काहून? आरसा इम्पोर्टेड आहे!"

मुली आता त्यावर ओले टॉवेल वाळत घालतात.

*

एक गृहस्थ दहा हजार रोख घेऊन आले. रोखीत दोन हजारांपर्यंतच सूट, हे त्यांना पाठ होतं. स्वतःच्या, बायकोच्या, मुलाच्या, सुनेच्या नावाने दोन-दोन हजारांच्या पावत्या झाल्या.

"पाचवी नातवाच्या नावानं लिहा."

"त्याचा पॅन नंबर?"

"कसा राहीन जी? पुढच्या महिन्यात होऊन राहिला तो!"

नातवाचे दोन हजार त्यांनी परत खिशात घातले. चारही पावत्यांचे फोटो मात्र लगेच काढले.

*

सगळ्यांचा बाप निघाला एक बिल्डर. जानेवारीत तो वाजतगाजत आला आणि अख्ख्या प्रिंटरचे पैसे द्यायचं जाहीर केलं. दाराएवढा थर्माकोलचा चेक मुलींच्या हातात दिला, फोटो काढले, दुसऱ्या दिवशी पेपरातही आले. थर्माकोल इथे राहिला. खरा चेक "उद्या पाठवतो" होता. मी वीसेक फोन केले. मुली रोज विचारायच्या, प्रिंटर आला का? काय सांगणार मी, कपाळ!

मार्चमध्ये साहेब स्वतः हजर. भूगोलाच्या पेपरला आठ दिवस उरले होते.

"मॅडम, पावती राहून गेली. सीए मागून राहिला."

"चेकच नाही आला, सर."

"दिला ना जी! पेपरात फोटो आहे! हजार लोकांनी पाहिला!"

हा आवाज ऐकून दहावीतली सारिका बाहेर आली. उमरेडची पोरगी, आवाजावरून माणूस ओळखते.

"चेकवाले सर का जी? या, दाखवते."

तिने त्यांना हाताला धरून अभ्यासाच्या खोलीत नेलं. टेबलावर तो थर्माकोल पालथा पडला होता. त्यावर सुतळीने महाराष्ट्राच्या हद्दी आखलेल्या, शहरांच्या जागी टाचण्या टोचलेल्या. तिने साहेबांचं बोट धरून फिरवलं.

"हे नागपूर. हे चंद्रपूर. ही वर्धा नदी, इथून अशी जाते."

साहेबांचं बोट थर्माकोलच्या डाव्या कडेला येऊन थांबलं.

"पण सर, कोकण नाही बसलं. असाच अजून एक चेक आणता का?"