काचवाले सर

सरांची पिशवी वाजायची. आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचेच्या पातळ पट्ट्या असत. अमरावतीच्या बसस्टँडवर एका म्हातारीने त्यांना बांगड्यांचा भाव विचारला, तेव्हा सर अजिबात न रागावता म्हणाले, "बांगड्या नाईत माय, इमारतीचा दवाखाना हाये." जुन्या इमारतीवर मजला चढवायचा असला की लोक तपासणीसाठी त्यांच्याकडे येत. भिंतीतल्या भेगेवर सर आडवी काच पीओपीने चिकटवत. भेग हलती असेल तर काच तडकते, एवढे साधे शास्त्र.

माणूस मुलखाचा भित्रा. परतवाड्याहून निघून वलगावपर्यंत आलेली गाडी ते मागे फिरवायला लावत, का, तर एक कॉलम पुन्हा ठोकून पाहायचा राहिला. मी हसले की म्हणत, "मी भेतो म्हनून लोकं भेत नाईत, पोरी." त्यांच्या हाताखाली नवीनच नोकरीला लागलेल्या मला ते उगाच मोठेपणाचे बोलणे वाटे.

मग अकोल्याचे ते मोठे दुकान आले. कपड्यांपासून किराण्यापर्यंत सगळे एका छताखाली. शेठना दिवाळीआधी वर दोन मजले हवे होते. इमारत काळ्या मातीवर उभी. ही माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. बिलिंग काउंटरमागे बीमपासून खाली उतरलेली भेग होती, तिच्यावर सरांनी काच लावली. त्या काउंटरवर माझी धाकटी बहीण वंदना बसायची. काच फुटली तर दुकान दुरुस्तीला बंद, म्हणजे तिची नोकरी गेली. आणि फुटेपर्यंत ती त्याच भेगेकडे पाठ करून बसणार. मला दोन्हीकडून धडकी भरायची.

रोज सकाळी तिचा फोन येई, "ताई, काच शाबूत हाये." मग मला चहा गोड लागे. पावसाळा चांगला मुरल्यावर एके दिवशी ती नुसतेच म्हणाली, "ताई, फुटली."

आम्ही तडक अकोला गाठले. शेठ म्हणाले, "झाडू लागला असन साहेब. येवढ्याशा काचेवर काहून अडून राहिले?"

सर वाद घालत नसत. ज्या बीमची शंका, त्याच्याचखाली खुर्च्या मांडून चहा मागवायचा, ही त्यांची रीत. तशा दोन खुर्च्या मांडल्या, एकीवर स्वतः बसले. कप हातात धरून ते सारखे वर बीमकडे पाहत होते, कारण ते खरोखरच घाबरले होते. "या शेठ, इथंच चहा घेऊ."

शेठनी वर पाहिले आणि ते दारातच उभे राहिले.

"तुमी अर्धा कप चहापुरते बसत नाई, अन् ह्या पोरी इथं दिवसभर बसतात," सर म्हणाले. मजल्यांना नकार मिळाला. जुना भाग त्याच दिवशी रिकामा झाला.

वंदना घरी बसली. सरांचे नाव निघाले की ती उठून आत जायची. पाया मजबूत करून दुकान पुन्हा उघडले आणि शेठनी तिला परत बोलावले, पण त्याआधीच सर हृदयविकाराने गेले होते. अंत्ययात्रेला वंदना आली. ढसाढसा रडली.

यंदा शेठना पुन्हा मजला चढवायचा आहे, एकच. तपासणी माझ्याकडे आहे. मी काच लावली, तेव्हा शेठनी आपणहून बीमखाली खुर्च्या ओढल्या आणि चहा मागवला. "बसा म्याडम, आता मी बी बसतो." आम्ही बसलो. अर्धा कप तसाच ठेवून मी उठले आणि बाजूचा कॉलम पुन्हा ठोकून पाहिला.

वंदना आता पुन्हा रोज सकाळी सांगते, "ताई, काच शाबूत हाये." मी बरं म्हणते, आणि तरी मधूनच बस धरून अकोल्याला जाते, काच बोटाने चाचपून येते. सर गेल्यावर भ्यायला आता मीच आहे.