पहिल्या रांगेतले काका

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माती उचलणाऱ्या लोडर यंत्रांचे हायड्रॉलिक पंप दुरुस्त करणारे एक काका नाशकातल्या आमच्या कॉलेजच्या प्रत्येक यंत्र-परिषदेला येतात. कडक इस्त्रीचा शर्ट, पहिल्या रांगेतली खुर्ची आणि प्रश्नाची सुरुवात ठरलेली: “सर, लय भारी सांगितलं, पण एक शंका हाय.” ती शंका निघाली, की बरेच वक्ते पाण्याचा घोट घेतात.

यंदा पुण्याहून आलेले प्राध्यापक मैदानात नव्या लोडरचा सेन्सर दाखवत होते. बोलता बोलता ते लोडरच्या वर उचललेल्या अवजड लोखंडी बकेटखाली शिरले. आम्ही चारपाच जणही मागोमाग वाकून बघू लागलो. काका गर्दीतून पुढे आले.

“सर, आधी बाहेर या.”

“अहो, सेन्सर आहे. बकेट पडूच शकत नाही.”

“नाय पडणार. तरी बाहेर या.”

सर नाराजीनंच बाहेर आले, मागून आम्हीही. काकांनी ऑपरेटरला बकेट जमिनीवर टेकवायला लावली आणि स्वतः गुडघ्यांवर बसले.

“आता दाखवा, सर. मला बी बघायचाय.”

सर क्षणभर घुटमळले, मग त्यांच्या शेजारी मातीत बसले.

त्या सकाळी सुरक्षेवरचं भाषण मीच केलं होतं, आणि बकेटखाली सगळ्यात आत मीच वाकलो होतो.