शीळ कुणाची

शीळताईंना ऑफिसात कुणी खऱ्या नावाने हाक मारत नसे. घरांच्या खरेदी-विक्रीची नोंद होते त्या कार्यालयात त्या बत्तीस वर्षं कारकून होत्या, आणि शिक्के मारता मारता शीळ घालायची त्यांना खोड होती. लहानपणी वडील ओरडायचे, "अगं, गप्प बस, गल्लीतली सगळी कुत्री दारात जमतील!" कुत्री कधी जमली नाहीत. पस्तिशीत एकदा एक माणूस मात्र थांबला.

तो रेकॉर्डिस्ट होता. स्टुडिओसाठी घेतलेल्या गाळ्याची नोंद करायला आला होता. सही करायची सोडून तो खिडकीपाशी डोळे मिटून उभा राहिला, आणि शीळ थांबल्यावर म्हणाला, "हे गाणं कुणाचं?"

"कुणाचंच नाही. असंच येतं."

"मग रविवारी दुपारी स्टुडिओत या. असं आलेलं असंच निघून जायला नको."

पुढच्या अकरा वर्षांतल्या बहुतेक रविवारच्या दुपारी त्या गाळ्यात गेल्या. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, पंखा बंद, दोघंही घामाघूम. शीळ माइकवर घेणं महाकठीण; सूर कमी आणि फुंकरच जास्त ऐकू येते. त्याने माइक तोंडासमोरून काढला, कानाच्या उंचीला, जरा मागे नेऊन ठेवला, आणि शीळताईंनी पहिल्यांदा स्वतःला ऐकलं. त्यांना वाटलं, ही बाई कोण? हिची आपली ओळख असती तर किती बरं झालं असतं.

एकूण नऊ धुना झाल्या. त्याने त्या इंटरनेटवर त्यांच्याच नावाने चढवल्या. ऐकणारे मूठभर, पण होते. शीळताई थर्मासमधून चहा न्यायच्या, तो कप विसळून ठेवायचा. दोघंही एकटे, त्यामुळे लोकांनी आपापल्या परीने लग्नही लावून टाकलं होतं. प्रत्यक्षात अकरा वर्षांत ती दोघं 'अहो-जाहो'वरून 'अरे-तुरे'वरदेखील आली नाहीत.

मग एका रविवारी त्या गेल्या तर गाळ्यावर लाँड्रीची पाटी. आत इस्त्रीची वाफ. त्याचा फोन बंद. शीळताई थर्मास घेऊन थोडा वेळ समोरच्या फुटपाथवर उभ्या राहिल्या आणि घरी आल्या. कुणाला विचारलं नाही, कुणावर चिडल्याही नाहीत. रुसायचं म्हटलं तरी समोर माणूस लागतो.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्या जिन्यात पडल्या. वरचे पुढचे दोन दात गेले. डॉक्टरांनी कवळी छान बसवली, बोलताना कुणाला कळायचंही नाही. पण शीळ घालायला ओठ मुडपले की नुसती हवा. त्यांनी आठवडाभर आरशासमोर प्रयत्न केला, मग आरशाकडे पाठ करून केला, आणि सोडून दिला. आता होत्या त्या नऊ धुनाच.

त्यातली एक त्यांना शेजाऱ्यांच्या टीव्हीवर ऐकू आली. साबणाची जाहिरात होती. एक मुलगी पांढरेशुभ्र कपडे दोरीवर टाकत होती आणि मागे शीळताईंची शीळ वाजत होती. त्यांच्या अंगावर काटा आला. आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोला.

"छान आहे ना जाहिरात?" शेजारीण म्हणाली.

"ती शीळ माझी आहे."

"हो का!" शेजारीण हसली. "मग ते शुभ्र कपडे आमचे!"

त्याच आठवड्यात धुना चढवलेल्या संकेतस्थळाचा त्यांना ईमेल आला: 'तुमच्या धूनमध्ये दुसऱ्याच्या मालकीचं ध्वनिमुद्रण आढळलं आहे. यापुढे तिचं उत्पन्न मूळ मालकाला जाईल.' मूळ मालक म्हणजे एक संगीत कंपनी. उत्पन्न असं होतंच किती. वर्षाकाठी एक बरी छत्री आली असती. पण 'मूळ मालक' हे शब्द त्यांच्या घशाखाली उतरेनात. त्यांनी हरकत नोंदवली. उत्तर आलं, 'तपासणीअंती दावा योग्य आहे.' पुन्हा नोंदवली. पुन्हा तेच उत्तर, आणि तेही अर्ध्या मिनिटात. भिंतीशी बोललेलं बरं. ती निदान इतकी घाई करत नाही.

शेवटी वाचनालयात दर गुरुवारी कलाकारांना फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाईंकडे त्या गेल्या. वकीलबाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या असत्या, मुलगी असती तर.

"काही करार?"

"नाही."

"मूळ फायली?"

"त्यांच्याकडे. रेकॉर्डिस्टकडे."

"ताई, बत्तीस वर्षं लोकांच्या घरांचे कागद केलेत ना तुम्ही?"

"दिव्याखाली अंधार," शीळताई म्हणाल्या.

"बरं, एक करू. तीच धून आता पुन्हा वाजवा. मोबाइलवर घेते. आवाज जुळवून दाखवू."

शीळताईंनी ओठ मुडपले. हवा आली. पुन्हा मुडपले. वकीलबाई उगाचच समोरची फाइल चाळत बसल्या.

दोन गुरुवारांनंतर वकीलबाईंनी आपल्या पत्राला आलेल्या कंपनीच्या उत्तराचा कागद पुढे सरकवला. कंपनीने बंद पडलेल्या एका स्टुडिओचा सगळा साठा विकत घेतला होता. खाली विकणाऱ्याची सही आणि त्याचा सध्याचा पत्ता. ती सही शीळताईंनी आपल्या ऑफिसच्या खिडकीत पाहिली होती. 'र'ची शेपटी लांबवर ओढलेली.

"त्याने लिहून द्यायला हवं, की विकलं ते त्याचं नव्हतं," वकीलबाई म्हणाल्या. "पण देईल कशाला? स्वतःच्या पायावर धोंडा."

पत्त्यावर कानाच्या मशिनांचं दुकान निघालं. रेकॉर्डिस्ट तिथे नोकरीला होता; आत एका आजोबांना हेडफोन लावून विचारत होता, "आता ऐकू येतंय? आता?" केस पार पांढरे झाले होते. शीळताईंना पाहून त्याने हातातलं बटण दाबलं ते सोडलंच नाही, आजोबा म्हणाले, "अहो, येतंय, येतंय, बास!"

आजोबा गेल्यावर त्याने त्यांना तपासणीच्या खोलीत बसवलं. दार लावताच बाहेरची रहदारी गुडुप झाली. दोघांनाही ती शांतता ओळखीची होती.

"कर्ज झालं होतं," तो म्हणाला. "मशिनं, माइक, हार्ड डिस्क, सगळं एकरकमी विकलं. तुमच्या नावाचं फोल्डर वेगळं काढायचं होतं."

"मग?"

"काढायला बसलो असतो तर ऐकत बसलो असतो. आणि मग काहीच विकलं नसतं."

"मला एक फोन करता आला असता."

"काय सांगणार होतो? दुकान बुडालं, आणि त्याबरोबर तुमची शीळही?" त्याने मान खाली घातली. "जमलं नाही मला."

शीळताईंनी येताना बसमध्ये पुष्कळ बोलणं जुळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य त्यांना आता आठवेना. त्यांनी कोरा कागद पुढे केला. "विकलं ते तुमचं नव्हतं, असं लिहून दिलंत तर कंपनी तुमच्या मागे लागेल."

"लागू दे." त्याने उभ्यानेच लिहिलं: 'या नऊ धुना या बाईंच्या आहेत. मी त्या विकल्या. मला तो हक्क नव्हता.' सही करून त्याने विचारलं, "नवीन काही करता?"

त्यांनी दातांचं सांगितलं. त्याने पेनाला टोपण लावलं. मग दुकानाची घंटा वाजली आणि तो गिऱ्हाईक बघायला गेला.

सहा आठवड्यांनी कंपनीने दावा मागे घेतला. मालकी नव्याने नोंदवताना शीळताईंनी ध्वनिमुद्रणाच्या रकान्यात अर्धा वाटा रेकॉर्डिस्टच्या नावे टाकला. वकीलबाई चक्रावल्या. "ताई, तो चोर आहे तुमचा!"

"असेल. पण माइक कुठे ठेवायचा ते त्यालाच कळलं होतं."

कंपनीने त्याच्याकडून पैसे परत मागितले आणि तो ते हप्त्यांनी फेडतोय, हे त्यांना वकीलबाईंकडूनच कळलं. त्यांनी दुकानात फोन केला, तर दुसऱ्याच कुणीतरी उचलला. त्या साहेबांची दुसऱ्या गावच्या शाखेत बदली झाली, म्हणाला. नंबर देऊ का? शीळताई म्हणाल्या, राहू द्या.

दोन दिवसांनी संकेतस्थळाकडून निरोप आला: 'दुसऱ्या हक्कदाराने वाटणी मान्य केली आहे.' इतकंच. त्याच्याकडून आलेला तेवढाच शब्द, 'मान्य', आणि तोही यंत्राने लिहिलेला.

रविवारी धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, जिंकलीस म्हणे!"

"हो. जिंकले."

"मग आवाज असा का? ये ना इकडे राहायला चार दिवस."

"बघू," शीळताई म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी चहा टाकला. पाणी दोन कपांचं झालं होतं. त्यांनी एक कप प्यायला, दुसरा झाकून ठेवला, आणि संध्याकाळी तोही स्वतःच गरम करून घेतला.