कडक वहिनी आणि बिळातली खोकड

आमच्या गल्लीत लाँड्री चालवणाऱ्या वहिनींना सगळे कडक वहिनी म्हणतात. त्यांनी इस्त्री केलेली कॉलर पाहिली की नाव का पडलं ते कळतं. स्वभावाचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं त्यांचे यजमान सांगतात, पण वहिनी ऐकत असतील तेव्हाच.

गल्ली संपते तिथून वाळवंट सुरू होतं. तिथे एका खुंटाला वहिनींनी भाच्याकडून मागून आणलेला ट्रेल कॅमेरा बांधला होता. समोरून काही हललं की तो आपला आपण फोटो काढतो. सुट्टीच्या दिवशी वहिनी त्याचं कार्ड आणून दुकानातल्या संगणकाला लावत. आधी नुसती वाऱ्याने डुलणारी झुडपं निघाली. मग उंदीर निघाले, एक साळिंदर निघालं, वाट चुकलेली बकरी निघाली. आम्ही गिऱ्हाइकंही कपडे घ्यायच्या निमित्ताने डोकावू लागलो.

आणि एकदा एका बिळाच्या तोंडाशी खोकड दिसली. कोल्ह्यापेक्षा लहानखुरी, मोठाल्या कानांची. तिचं पोट पाहून वहिनी म्हणाल्या, हिचे दिवस भरत आलेत. तेव्हापासून त्यांना एकच ध्यास लागला, हिची पिल्लं बघायची. त्यांनी कॅमेरा बिळासमोर नेऊन बांधला.

पण फोटोत दिसे ते नुसतं नाक. खोकड कॅमेऱ्याला हुंगायची, तो बांधायचा पट्टा चावायची. यजमानांना विषयच मिळाला. तिला कपडे टाकायचे असतील, दर विचारतेय, असं ते येईल त्याला सांगत. खोकडीने चावलेला पट्टा वहिनींनी दर खेपेप्रमाणे धुऊन पुन्हा बांधला. पुढच्या कार्डावर खोकड नव्हतीच.

वहिनींचं कामात लक्ष लागेना. अशात एका गिऱ्हाइकाने शर्ट नाकाशी नेला आणि साबणाचा वास जरा बेताचा ठेवा म्हटलं. वहिनींचा इस्त्रीवरचा हात थांबला. दुकानातल्या त्याच सुगंधी साबणात त्या पट्टा धूत होत्या. इतकी वर्षं त्या वासात वावरल्यावर त्यांच्या नाकाला तो कुठला जाणवायला!

"म्हणजे मीच घालवलं तिला," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पट्टा फेकून दिला. जुनी सुतळी वाळूत पुरून ठेवली आणि चांगली मळल्यावर त्याच सुतळीने कॅमेरा बांधला. डाग दिसला की ज्यांचा जीव वरखाली होतो, त्यांना ती मळकी गाठ मारताना किती जड गेलं असेल. त्यानंतर बरेच दिवस त्या तिकडे फिरकल्या नाहीत.

शेवटी कार्ड आलं तेव्हा दुकानात आम्ही चौघं होतो. पहाटेचा फोटो होता. खोकड टेकाडाकडे निघाली होती आणि तिच्या तोंडात, मानेशी धरलेलं, एक पिल्लू लोंबत होतं. पुढच्या फोटोत ती रिकामी परतत होती. त्यापुढच्यात पुन्हा पिल्लू. मग नुसतं बीळ.

थट्टा करायची सोडून यजमान हळूच म्हणाले, "उद्या टेकाडापलीकडे लावू या का कॅमेरा? मी येतो."

वहिनी पडद्याजवळ सरकल्या.

"नको. बाळंतिणीने एकदा घर बदललं ना, आता परत नाही छळायचं तिला."

मग त्यांनी लोंबणारं पिल्लू मोठं करून पाहिलं, आणखी मोठं केलं.

"अहो, पण याचे कान बघा. आत्ताच केवढे झालेत."