कृष्णाबाईंचे आगळ आणि नूतनचा रक्तदाब

कृष्णाबाई हिरामण राऊत. जन्म १९५३, मृत्यू २०२४. शिक्षण इयत्ता चौथी. वास्तव्य थळच्या दक्षिणेस, स्वतःच्या नारळी-पोफळीच्या वाडीत. वाडीत रातांब्याची, म्हणजे कोकमाची, अकरा झाडे होती आणि बाईंच्या हातचे आगळ, म्हणजे मिठात मुरवून काढलेला कोकमाचा रस, पंचक्रोशीत नावाजलेले होते. पाच किलो फोडींना किलोभर खडे मीठ, हे प्रमाण त्यांनी चाळीस वर्षांत बदलले नाही. आगळ वर्षभर टिकते ते मिठामुळेच, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

२०२२ च्या जूनमध्ये माणगावला दिलेली त्यांची धाकटी बहीण नूतन हिने दोन बाटल्या मागवल्या. पंधरवड्यात आणखी तीन.

"सोलकढीत पोहतेस की काय गं?" बाईंनी फोनवर विचारले.

"तुला काय करायचंय आक्का? तू धाड!" नूतन हसली.

बाईंनी धाडल्या. त्या महिन्यात वाडीवर नवे गिऱ्हाईकही बरेच आले. आपल्या हाताची कीर्ती पसरली, असेच बाईंनी धरले.

गणपतीनंतर त्या माणगावला गेल्या, तेव्हा नूतनने दार उघडले आणि बाई उंबऱ्यातच थबकल्या. बहिणीचा चेहरा सुजला होता, पावलांवर चपलेचे पट्टे रुतले होते. डोके सारखे ठणकते, उजव्या डोळ्यापुढे धुके येते, असे ती म्हणाली.

"आणि रक्तदाबाच्या गोळ्या?"

"बंद केल्या." नूतनने मोबाइल पुढे केला. पडद्यावर पांढऱ्या कोटातला एक इसम सांगत होता, की रोज उपाशीपोटी पेलाभर कोकमाचा रस घ्यावा. चाळीस दिवसांत रक्तदाब मुळापासून जातो, गोळ्या लागत नाहीत.

बाईंनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. इसमाने पिकलेली फळे यंत्रात फिरवून रस काढला होता. मिठाचा कणही घातला नव्हता. कोकणातल्या घरात मात्र कोकमाचा रस म्हटला की हात आगळाच्या बाटलीकडेच जातो.

"पाणी किती घालतेस?"

"पाणी कशाला? त्यानं निव्वळ रस सांगितलाय."

"अगं बये, निव्वळ मीठच पितेस की तू! आणि बाटल्या भरून देणारी मी!"

"खारट लागायचं खरं," नूतन पुटपुटली. "पण औषध म्हटल्यावर चव कोण बघतो?"

त्याच दुपारी बाईंनी तिला दवाखान्यात नेले. रक्तदाब दोनशे वीसवर एकशे वीस भरला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले, की ताज्या रसानेही रक्तदाब मुळापासून जात नाही. गोळ्या सोडणे ही पहिली चूक, वर मीठ ही दुसरी. आणखी आठवडा गेला असता तर पक्षाघाताचीच भीती होती. नूतन सहा दिवस दवाखान्यात राहिली. जीव वाचला, उजव्या डोळ्याची नजर अधू झाली ती झालीच.

घरी परतताच बाईंनी सून हेमालीला कागद घेऊन बसवले आणि त्या मोसमात आगळ नेणाऱ्या प्रत्येकाचे नाव आठवून लिहवून घेतले. तेवीस नावे भरली.

"आई, असं दारोदार सांगत सुटलात तर पुढच्या वर्षी गिऱ्हाईक येणार न्हाय," हेमाली म्हणाली.

"नको येऊ दे. कढीला न्या, सरबताला न्या. पण गोळी सोडून कुणी पीत असेल, तर ते मला ठाऊक हवं."

तेवीसपैकी एकवीस घरी त्या स्वतः जाऊन आल्या. चौघांनी गोळ्या खरोखरच सोडल्या होत्या. तिघांनी त्या पुन्हा सुरू केल्या; चौथ्याने "डॉक्टरांनी पढवून पाठवलीय म्हातारीला" म्हणत दार लावून घेतले. त्याच्याकडे बाई आणखी दोनदा गेल्या. दार उघडले नाही.

नूतन आता गोळ्या नेमाने घेते. वाडीचे आगळ हेमाली करते. मीठ किती ते बाटलीवर लिहिते. यादीतली उरलेली दोन माणसे दिघीकडची होती. त्यांचा पत्ता कोणी विचारून ठेवला नव्हता. त्यांना सांगायचे राहूनच गेले.